वाठोरे बाईंची पळती शाळा

वाठोरे बाईंनी उभ्या नोकरीत एकाच लेकरावर हात उचलला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत. त्या चापटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पण तिथवर जायच्या आधी बाई कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटणार नाही. खेड्यातल्या शाळेत चापट म्हणजे तशी नेहमीचीच गोष्ट.

आमची शाळा हिंगोलीकडली, डोंगरकडा गावाच्या रस्त्यावरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका लहान गावातली. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. एक खोली नवी, स्लॅबची. दुसरी निजामाच्या काळातली, रुंद दगडी भिंतींची, वर पत्रे, पुढे पडवी. माझी बदली तिथं झाली तेव्हा मी आखाडा बाळापूरला खोली करून राहत होते. पहिल्या दिवशी सकाळी स्कूटीवरून शाळेत पोचले, तर शाळा सताड उघडी आणि आत कोणी नाही. फळ्यावर सुविचार लिहिलेला, पडवीत दप्तरं भिंतीला टेकवलेली, आणि समोर लहान लहान चपलांची ओळ. एवढी लेकरं चपला टाकून गेली कुठं? शेजारच्या घरापुढं एक बाई भांडी घासत होती. तिला विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "पळायला गेले. येतीन आता."

थोड्या वेळानं शेतांकडे जाणाऱ्या पांदणीतून आवाज आला. साताचा पाढा. लेकरं अनवाणी, धुळीनं माखलेली, पाढा म्हणत, पावलांच्या ठेक्यात पळत येत होती. सगळ्यात मागे, सगळ्यात लहान पोराच्या शेजारी, पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं भरलेल्या एक बाई पळत होत्या. साडीचा घोळ वर खोचलेला, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा पडू नये म्हणून दोरीनं डोक्यामागे बांधलेला. मी आयुष्यात साडीतल्या शिक्षिकेला पळताना पाहिलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, पाढा संपवला, आणि मग म्हणाल्या, "तुम्हीच नव्या मॅडम का? उद्यापासून बूट घालून या."

वाठोरे बाईंकडे शाळेचा चार्ज होता. त्या गावातच, बौद्ध वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. माहेर कनेरगाव नाक्याच्या बाजूचं. लहानपणी शाळेला उशीर झाला की सडकेच्या कडेनं पळत जायच्या, आणि ढाब्यावर बसलेले ट्रकवाले टाळ्या वाजवायचे, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मग लग्न झालं आणि पळणं संपलं. पुन्हा त्या पळाल्या त्या थेट नातवंडं झाल्यावर.

त्याला कारण घडलं होतं. आमच्या भागात काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. पोटात कळ यावी तसा खालून गडगडाट होतो, भांडी किणकिणतात, पत्रे थरथरतात, आणि थांबतं. कधी धक्का मोठा असतो, तेव्हा माणसं अंथरूण घेऊन अंगणात झोपतात. सरकारी माणसं येतात, घाबरू नका म्हणतात आणि जातात. मी तिथं यायच्या आधीच्या वर्षी एकदा भर वर्गात आवाज झाला. निम्मी लेकरं जागच्या जागी थिजली, निम्मी एकदम दाराकडे धावली. दाराच्या चौकटीत एकावर एक पडली. पहिलीतल्या एका पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. जमीन तर तेवढ्यात शांतही झाली होती. मोडलं ते भीतीनं मोडलं.

"त्या पोराला मीच दवाखान्यात नेलं," बाई सांगायच्या. "रस्ताभर ते रडलं न्हाई. नुसतं थरथरून राहिलं. त्याचे पाय माझ्या मांडीवर होते, आन पाय असे, लाकडासारखे. मला वाटलं, या लेकरायचं भ्याव पायात जाऊन बसलंय. ते पायातूनच काढावं लागल."

आधी त्यांनी लेकरांना दारातून ओळीनं बाहेर पडायला शिकवलं. मग मैदानाच्या टोकापर्यंत पळायला. मग पांदणीनं माळापर्यंत, जिथं गावातली माणसं उकडलेली हळद वाळायला टाकतात. माळाला वळसा घालून परत. लेकरांना त्याची गोडी लागली आणि बाईंनाही. धक्क्यांचा विषय मागे पडला. शाळा भरायच्या आधी पळणं हा त्या गावातला नेम झाला.

बाईंचे पळण्याचे नियम जगावेगळे होते. पहिला येणाऱ्याला काही मिळायचं नाही. पळताना पाढा म्हणता आला पाहिजे. पाढा तुटला की चालायचं, दम परत आला की पळायचं. "दम तुटेस्तोवर पळणं म्हंजे पळणं न्हाई," त्या म्हणायच्या, "ते भिऊन पळणं हाय. ते आपल्याला कायमचं बंद करायचंय." परत आल्यावर सगळे पडवीत बसायचे, आणि बाई विचारायच्या, "आज काय दिसलं?" बोलायची पहिली पाळी सगळ्यात शेवटी आलेल्या लेकराची. कोणी सांगायचं, गणपत आबाची म्हैस व्याली. कोणी सांगायचं, धामण दिसली. एक पोरगं रोज सांगायचं, "काहीच न्हाई दिसलं." बाई त्यालाही मान हलवून "बराबर" म्हणायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. सहा महिन्यांनी त्या पोरानं सांगितलं की माळावरच्या बाया हळद उलटीपालटी करताना गाणं म्हणतात आणि आम्ही दिसलो की लाजून थांबतात. त्या दिवशी बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच. पदराला त्यांच्या कायम एक सेफ्टी पिन असायची. बाभळीचे काटे काढायला. काटा काढून झाला की पायावर फुंकर मारायच्या आणि म्हणायच्या, "जा. पाय तुझाच हाय."

एकदा केंद्रप्रमुख न सांगता आले. मला दिसला होता तोच देखावा त्यांना दिसला. मी त्या दिवशी मागच्या पोरांबरोबर होते, त्यामुळं मला तो प्रसंग सगळा दिसला. ते पडवीत चपलांच्या ओळीपुढं उभे होते, चेहरा उतरलेला. शाळेतून लेकरं गायब म्हटल्यावर कोणाचाही उतरेल. आम्ही पोचलो तसे ते ओरडणार, एवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, नऊचा पाढा अर्धा राहिलाय. एवढा होऊ द्या." लेकरांनी साहेबांना मधे घेऊन, जागच्या जागी पाय आपटत, पाढा पुरा केला. साहेबांचा पायही हलत होता. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते दचकले. नंतर खुर्चीत बसून ते एवढंच म्हणाले, "मॅडम, हे कुठल्या नियमात बसतं?" बाई पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "शारीरिक शिक्षण आणि गणित, दोन्हींत बसतं, साहेब." आणि त्यांना डोंगरकड्याचं केळं दिलं, पळून आलेल्या लेकरांना द्यायच्या तसंच, एक.

गावाला मात्र हे सगळं पचत नव्हतं. विशेषतः दत्तरावांना. दत्तराव शाळा समितीचे अध्यक्ष. हळदीची मोठी शेती, शाळेला लागून घर, शब्दाला वजन. त्यांची मुलगी ऋतुजा तिसरीत होती. अंगानं काटकुळी, डोळे मोठे, आणि पळताना तिचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. पाढा म्हणत पळायचा नियम तिला एकटीला जड जायचा, कारण तिला पाढ्यापेक्षा वेगात पळायचं असायचं. दत्तरावांनी काही दिवस पाहिलं, मग एकदा शाळेत आले. बाईंच्या टेबलापुढं बसले नाहीत, उभेच राहिले.

"बाई, लेकरं शिकवायला धाडलेत आमी. पळवून काहून राहिले तुमी?"

"दोन्ही करून राहिले, दत्तराव."

"पोरांचं ठीक हाय. पोरींचं काय काम? अन् पांदणीनं, समद्या गावासमोर." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुमच्याकडल्या पोरी पळवा तुमी. आमी काही म्हनत न्हाई."

'तुमच्याकडल्या' हा शब्द खोलीत तसाच राहिला. मी मान खाली घातली. बाईंनी घातली नाही. म्हणाल्या, "धक्का बसल तवा जमीन कोणाकडली, ते बघून हलत न्हाई, दत्तराव." आणि हजेरी घ्यायला लागल्या.

ते तिथंच मिटलं असतं, पण सव्वीस जानेवारी आला. दरवर्षी महिलांसाठी संगीत खुर्ची व्हायची. बाईंनी त्या वर्षी जाहीर केलं की आयांची धावण्याची शर्यत होईल. मैदानात कुजबूज झाली, हसू झालं, आणि एकही बाई उठेना. बाई तशाच वाट पाहत उभ्या राहिल्या. तेव्हा गर्दीतून दत्तरावांच्या आई उठल्या. सरूबाई. नऊवारी नेसलेल्या, सत्तरीच्या पुढच्या. काठी त्यांनी सुनेच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. मग लाजून दुसरी एक उठली, तिसरी उठली, आणि बाईंनी शिट्टी वाजवली.

सरूबाई सगळ्यांत शेवटी आल्या. पण त्या ज्या तोंडानं आल्या ते तोंड मी विसरणार नाही. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेकून उभं राहत त्या बाईंना म्हणाल्या, "जलमभर मला पळ म्हनले ते कामाला. पाणी आन, पळ. वासरू सुटलं, पळ. उगंच पळ म्हनून कुनी म्हनलंच न्हाई माय." बाईंनी शेवटच्या येणाऱ्याला विचारायचा तो प्रश्न त्यांना विचारला, "काय दिसलं?" सरूबाई म्हणाल्या, "काय दिसतंय डोंबल. समदं गाव मलाच बघत होतं."

सगळे हसले. दत्तराव हसले नाहीत. भर गावात आपली आई पळाली हे त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला की ऋतुजा पळणार नाही. पळायच्या वेळेला ती पडवीत बसून राहील, आणि बसली नाही तर तिला दुसऱ्या शाळेत घालू. बाईंनी ऋतुजाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "बाबा म्हनतेत तर बसायचं. चपला राखायचं काम तुझ्याकडं." त्या दिवसापासून लेकरं पांदणीकडे निघाली की ती दगडी खोलीच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून, चपलांच्या ओळीशेजारी बसायची. मी नव्या खोलीत दिवसाची तयारी करत असायचे, तिथून ती दिसायची. पाढ्याचा आवाज दूर जाईपर्यंत तिचे ओठ हलायचे.

बाई दत्तरावांशी बोलायच्या बंद झाल्या. दत्तरावही.

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. शाळा सकाळची झाली होती. गावभर उकडलेल्या हळदीचा वास, लेकरं माळावरून परत यायची ती पिवळे तळवे घेऊन. त्या सकाळी लेकरं नेहमीसारखी निघाली, मागे बाई निघाल्या, आणि मी खिडकीतून ऋतुजाला पडवीत बसताना पाहिलं. मग मी वर्गात खडू शोधत होते.

आधी आवाज आला. आवाजाची आम्हाला सवय होती, म्हणून मी वरही पाहिलं नाही. मग जमीन खालून कोणी उचलून आपटावी तशी हलली. फळा भिंतीवरून सुटून पडला. मी दारात कशी पोचले मला माहीत नाही. बाहेर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं. कसला तरी घरंगळल्याचा आवाज बराच वेळ चालू होता, आणि तो थांबल्यावर जे शांत झालं ते त्या आवाजापेक्षा वाईट होतं. धूळ खाली बसली तसं दिसलं की दगडी खोलीची पुढची भिंत पडवीवर पडली आहे. पत्रा एका बाजूनं लोंबत होता. पडवी नव्हती. तिथं दगडांचा ढीग होता.

माझे पाय हलले नाहीत.

दत्तराव बनियनवर पळत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ऋतुजा कुठं बसते हे त्यांना ठाऊक होतं, बसायला त्यांनीच सांगितलं होतं. ते सरळ त्या जागेवर गेले आणि हातांनी दगड उपसायला लागले. मग गावातले आणखी लोक आले. कोणी मोठा दगड पहारीनं उचलत होतं, कोणी पत्रा धरत होतं. दगडाखालून चपला निघायला लागल्या. लहान लहान, चेपलेल्या. दत्तराव एकेक चप्पल हातात घ्यायचे, बघायचे, बाजूला टाकायचे. मग एक निळी निघाली, वर प्लास्टिकचं फूल असलेली. ती त्यांनी टाकली नाही. ती छातीशी धरून ते एका हातानं दगड काढत राहिले.

तेवढ्यात वाठोरे बाई आल्या. पांदणीतून, एकट्या. धक्का बसला तेव्हा त्यांनी जवळच्या लेकरांना उघड्यावर खाली बसवलं होतं, माळावरच्या बायांना हाक देऊन पुढच्यांकडे बघायला सांगितलं होतं, आणि शाळेवर उठलेली धूळ बघून त्या उलट पळाल्या होत्या. पाढा नव्हता. दम तुटलेला होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्या थेट दत्तरावांच्या शेजारी गुडघ्यावर बसल्या. महिनाभर एकमेकांशी न बोललेली ती दोन माणसं खांद्याला खांदा लावून दगड उपसत होती. बाईंच्या बांगड्या फुटल्या. बोटांची नखं उलटली. कोणी त्यांना मागे ओढायला गेलं तर त्यांनी त्याचा हात झटकला.

त्यांचा एकमेकांशी एकच शब्द झाला. दत्तराव म्हणाले, "बाई, ती इथंच बसती ना?" बाई म्हणाल्या, "इथंच."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मागून कोणीतरी बोललं. बारीक आवाज होता, घाबरलेला.

"बाबा, काय हुडकून राहिले?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. माळावरच्या बाया लेकरांना घेऊन आल्या होत्या. सगळी पिवळ्या पायांची लेकरं घोळक्यानं उभी होती आणि घोळक्याच्या पुढं ऋतुजा उभी होती. तिच्याही पायाला हळद लागली होती.

नंतर कळलं ते असं. त्या दिवशी तिला राहवलं नव्हतं. बाई पांदणीत वळल्यावर ती शाळेच्या मागून, नाल्याच्या कडेनं निघाली आणि पुढच्या पोरींना जाऊन मिळाली. बाई कायम शेवटच्या लेकराबरोबर असायच्या, त्यामुळं पुढं कोण आहे ते त्यांना दिसलं नाही. पोरींनीही सांगितलं नाही.

पण त्या क्षणी हे कोणालाच माहीत नव्हतं. मेलेलं लेकरू उभं राहून बोलावं तसं आम्हाला झालं. दत्तराव गुडघ्यावरच होते, त्यांच्या हातात ती निळी चप्पल होती, आणि ते लेकीकडे अशा नजरेनं बघत होते, जणू ती ओळखीची नाही. हलल्या त्या वाठोरे बाई. त्या उठल्या, ऋतुजापर्यंत गेल्या आणि तिच्या गालावर त्यांनी काडकन चापट मारली.

पोरीचा गाल लाल झाला. आधी वाटलं तिला लागलंय. ते रक्त बाईंच्या बोटांचं होतं.

दत्तराव तेव्हा उठले. पुढं झाले आणि बाईंचा हात धरला. "नका मारू बाई," ते म्हणाले. "जित्ती हाय ती. नका मारू." आणि लेकीला जवळ घ्यायच्या ऐवजी ते खाली बसून तिच्या पायाची हळद हातानं पुसायला लागले. पुसतच राहिले.

बाई दगडांच्या ढिगावर बसल्या. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, तोंडपाठ. पहिलीच्या पहिल्या नावापासून. लेकरं एकेक करून "हजर बाई" म्हणत होती. चौथीचं शेवटचं नाव झालं. मला वाटलं, संपलं. त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरू केलं. पुन्हा सगळ्यांनी हजर म्हटलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा सरूबाई पुढं आल्या, बाईंचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "समदे हायेत माय. समदे हायेत."

शाळा काही महिने बौद्ध वस्तीतल्या विहारात भरली. गावात तेवढीच इमारत तडा न गेलेली होती. सगळ्या गावाची लेकरं तिथं एका सतरंजीवर बसली. कोणी काही बोललं नाही. दत्तरावांच्या घरून तिथं पाण्याचा माठ आला.

पण बाईंनी पळवणं बंद केलं. पुरतं. बूट त्यांनी घातले नाहीत. शिकवताना मधेच थांबून त्या लेकरं मोजायच्या. कोणी लघवीला उठलं तरी दारापर्यंत जायच्या. मला एकदा म्हणाल्या, "लेकरू कुठं हाय हे मला ठावं नव्हतं, मॅडम. मी म्हनले, इथंच. बापाला तोंडावर सांगितलं, इथंच." मी म्हटलं, "बाई, पण वाचली ती. पळाली म्हणून वाचली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्यामुळं न्हाई वाचली. मी तिला बसवलं होतं."

लेकरं घरी बसायला लागली. खालून आवाज आला की पुन्हा थिजायला लागली. तेव्हा एक दिवस दत्तराव विहाराच्या दारात आले. चप्पल बाहेर काढली आणि आत येऊन बाईंच्या समोर सतरंजीवर बसले.

"बाई, लेकरायला पळवा."

"मला भ्याव वाटतं, दत्तराव."

लेकरांनी बाईंच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. दत्तराव बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसले. मग म्हणाले, "मला बी वाटतं. मंग असं करू. तुमी मागं राहा, जशा राहता तशा. म्होरं मी राहतो. मला काही पळता येत न्हाई, सायकल घेतो. मधलं लेकरू दोघांच्या मधीच राहील."

तिसऱ्या दिवशी बाई बूट घालून आल्या. त्या सकाळपासून बाई निवृत्त होईपर्यंत पांदणीतून आधी दत्तरावांची सायकल यायची, मग पाढा, मग लेकरं, आणि सगळ्यांत शेवटी बाई. सायकलच्या मागच्या चाकाला जवळजवळ लागून ऋतुजा असायची. दत्तराव मागे न बघता म्हणायचे, "हळू, पाढा तुटंल." तो त्यांचा स्वतःचाच तुटलेला असायचा.

बाई निवृत्त होऊन हिंगोलीला मुलाकडे गेल्या. माझीही बदली झाली. ऋतुजा आता मोठ्या शाळेत आहे, तालुक्याच्या स्पर्धेत पळते, असं मध्यंतरी कानावर आलं.

बाई मला शेवटच्या भेटल्या त्या आखाडा बाळापूरच्या बाजारात. कोणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या आणि भाजी घ्यायला उतरल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. आम्ही टमाट्याच्या ढिगापाशी उभ्या राहून बोलत होतो. बाई माझ्या लेकराची चौकशी करत होत्या, पळतं का विचारत होत्या. तेवढ्यात पलीकडे रस्त्याच्या कामासाठी आलेल्या टिपरनं गिट्टी ओतली, आणि दगड घरंगळल्याचा मोठा आवाज झाला.

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलीचा हात धरला. चार-पाच वर्षांची असेल, त्यांच्या ओळखीपाळखीची नाही. आणि त्या पळाल्या. पालांच्या मधून, माणसांना धक्के देत, बैल बांधतात त्या उघड्या जागेपर्यंत. मुलीची आई किंचाळत मागे धावली, मी तिच्या मागे.

आम्ही पोचलो तेव्हा बाई मोकळ्या जागेच्या मधोमध उभ्या होत्या. ओठ पांढरे पडलेले, पण मुलीचा हात घट्ट धरलेला. मुलगी हसत होती. तिला वाटलं खेळ आहे. वर बघून ती विचारत होती, "आजी, आन्खी?"

आईनं मुलीला हिसकून घेतलं. बाईंनी टिपरकडे पाहिलं, गिट्टीकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मुलीच्या आईला त्या काहीतरी सांगतील, माफी मागतील, असं मला वाटलं.

"तुमचं लेकरू चांगलं पळतं," वाठोरे बाई म्हणाल्या. "पळू देत जा तिला."